चंद्रीचं तळं

जहागीरदारांनी गावच्या तळ्यात हौसेने कमळं लावली आणि दवंडी पिटवली, की आजपासून या पाण्यात म्हैस दिसता कामा नये. वैशाख तापला तशी ठकू गवळणीची गाभण म्हैस चंद्री गोठ्यात धापा टाकू लागली. अंगावर ओतलेलं घागरभर पाणी बघता बघता वाळून जाई. ठकूला राहवेना. दावं धरून तिने चंद्रीला तळ्यावर आणलं.

जहागीरदार नुकतेच रपेट करून काठावर घोड्यावरून उतरत होते.

"सरकार, हिला घटकाभर पाण्यात बसू द्या."

"हा घोडा बघ! दोन कोस उन्हात दौडून आला, पण चिखलात लोळायचं नाव नाही. तुझ्या म्हशीचेच एवढे लाड कशाला?"

ठकू म्हणाली, "मग सरकार, एक हात घोड्यावर ठेवा आणि एक हिच्यावर."

जहागीरदारांनी हसत हात ठेवले. घोड्यावरचा हात घामाने चिंब झाला. चंद्रीवरचा कोरडाच राहिला आणि पोळला.

"देवाने घोड्याचं तळं त्याच्या कातडीतच ठेवलंय, सरकार. माझ्या मुकीला घाम येतो तो नावापुरता. तिचं तळं देवाने गावात ठेवलं होतं, तेवढं तुम्ही काढून घेतलंत."

तेवढ्यात चंद्रीने मान वळवली आणि जहागीरदारांचा तो घामेजला तळवा चाटायला लागली.

त्यांनी हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने ठकूकडून दावं घेतलं आणि जोड्यांसकट कमळांत उतरले.