‘रहेमती’ची जागा

“होडी कलते आणि पुन्हा सावरत नाही, त्या कलण्याला काय म्हणतात?”

की ‘सावरत’ऐवजी ‘उठत’ म्हटले होते? विश्वंभर रेग्यांना आता नक्की आठवत नाही. प्रश्न मात्र त्यांनीच विचारला होता आणि वही मांडीवर उघडी होती, एवढे खरे.

वहीत गलबताचे सहाशे शब्द होते. पुढच्या टोकाला नाळ, मागच्या टोकाला वरामी, तोलासाठी तळात भरायच्या दगडांना नीरम. रेगे ते भराभर म्हणून दाखवत आणि जयगडचे म्हातारे तांडेल, दाऊद होडेकर, ऐकून घेत. मास्तर, एवढे शब्द भरलेत, तुमच्या होडीला नीरम नको, असे ते एकदा म्हणाले होते.

या प्रश्नाच्या दिवशी मात्र तांडेल हसले नाहीत.

“कुणासाठी हवाय शब्द?”

“कोशासाठी.”

तांडेलांनी हात पुढे करून वही मिटली.

मग रेग्यांना सांगावेच लागले. त्यांचा मुलगा श्रीकर मासळीचा अभ्यास करायचा. चार वर्षांपूर्वी तो ‘रहेमती’ मचव्यावर गेला. मचवा परतला नाही, त्याची एक फळीही किनाऱ्याला लागली नाही. घरी रेग्यांची पत्नी श्राद्ध करू देत नव्हती. कुणी जाणत्या दर्यावर्दीने एकदा सांगितले, तर कदाचित ती ऐकेल.

“तुम्ही सांगा, दाऊदभाई. गेला ना तो?”

“गेला.”

तांडेल उठले. वाळूवर मचवे ओढून ठेवले होते, प्रत्येकाची जागा ठरलेली. मधली एक जागा रिकामी होती. मचवा वर सरकवायचे आडवे ओंडे तेवढे तिथे होते. म्हातारा वाकला आणि चिंधीने त्या ओंड्यांना मुशी माशाचे तेल चोळू लागला.

“ही कुणाची जागा?”

“‘रहेमती’ची.”

ओंडे काळेभोर चकाकत होते. चार वर्षांत एकही कोरडा पडलेला नव्हता.

“गेला म्हणालात... मग हे कशाला?”

तांडेलांनी चिंधी पुढे केली.

“ती बाजू तुम्ही घ्या, मास्तर. माझी कंबर आता वळत नाही.”

तांडेलांचेही कुणीतरी त्या मचव्यावर असणार, असे रेगे धरून चालले होते. विचारायचे धाडस झाले नाही. बारा वर्षांनी बंदराच्या कचेरीत त्यांनी जुने रजिस्टर पाहिले, मग जयगडात दोघांना विचारून पुन्हा खात्री केली. ‘रहेमती’वरच्या सात जणांत दाऊद होडेकरांचे कुणीही नव्हते.