उंदरांचं औषध

एका गावाच्या टोकाला, जिथं रस्ता संपून ओढा लागायचा, तिथं चंद्राक्का नावाची एक बाई राहायची. नवरा देवाघरी गेलेला, मूलबाळ नाही. पण आक्का एकटी आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरामागं तिची परसबाग होती आणि बागेला दोन राखणदार होते. एक ढवळी, पांढरी, उतारवयाची, आक्काच्या शब्दाबाहेर न जाणारी कुत्री. दुसरा ढवळीचाच पोरगा भुंग्या, काळाकुट्ट आणि असा आळशी की अंगावर माशी बसली तर शेपटी हलवायचाही त्याला कंटाळा.

बाग मात्र बघत राहावी अशी. रताळ्यांचे वेल, भुईमूग, काकडी, कडेनं मका. आक्का वेलींशीसुद्धा बोलायची. स्वभावानं तिखट होती, घटकेत माया करील, घटकेत अंगावर धावून जाईल. आणि तिची एक खोड होती. कुत्र्यांची थाळी रिकामी दिसलेली तिला खपायची नाही. "माझ्या दारातलं जनावर उपाशी आहे असं कुणी म्हणायला नको," असं म्हणून ती दोन कुत्र्यांना चार कुत्र्यांपुरती भाकरी कुस्करून ठेवायची. सकाळी थाळी लख्ख! आक्का खूश. "जेवतात हो माझी लेकरं!"

एकदा काय झालं, आक्का सकाळी रताळी काढायला बागेत गेली. वेल ओढला तर हातात नुसता वेलच आला. माती उकरली, रताळं सापडलं, पण त्याचं सालटं तेवढं शिल्लक. दुसरा वेल उपटला, तिथंही तेच. भुईमुगाच्या वाफ्यात नुसती टरफलं पडलेली. आणि कुंपणाच्या बुडाशी, हात जाईल एवढाली बिळं!

"अगं बाई गं! उंदीर!" आक्का मटकन खालीच बसली.

तिची हाक ऐकून शेजारच्या वेणूबाईनं कुंपणावरून मान वर काढली. वेणूबाई मनानं चांगली, पण जिभेला हाड नव्हतं. बाग बघून ती म्हणाली, "काय गं आक्का, दोन-दोन कुत्री पाळलीस ती काय ओवाळायला?"

झालं! हे आक्काला असं झोंबलं की विचारू नका. ती तरातरा अंगणात आली. दोन्ही कुत्री उन्हात पसरली होती. "ऊठ मेल्या!" ती भुंग्यावर ओरडली. भुंग्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. मग आक्का ढवळीकडं वळली. "आणि तू गं? तुझे काय डोळे फुटलेत? फुकटचं खाता नुसती! साधा एक उंदीर धरवत नाही तुला?"

ढवळीला असं कधी कुणी बोललं नव्हतं. तिनं कान पाडले. मग मुकाट्यानं उठली, बागेत गेली, बिळं हुंगली, पंजांनी माती उकरली. एक उंदीर निघालाही, पण तो तिच्या पायाखालून सर्रकन निसटून गेला. बिचारीचं वय झालं होतं. ती परत येऊन आक्काच्या पायाशी बसायला लागली, तर आक्कानं पाय मागं घेतला. "जा. तोंड दाखवू नकोस मला."

त्या दिवशी ढवळी फाटकापाशी जाऊन पडली. भाकरीलाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. तिथं एक माणूस पेटी मांडून ओरडत होता, "उंदरांचं औषध घ्या, औषध! एकच गोळी, बिळं मोकळी!"

आक्का थांबली. "कुत्र्यांना काही होणार नाही ना रे?"

"कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका म्हणजे झालं," तो म्हणाला. "हे उंदरांचं औषध आहे मावशी, कुत्र्यांचं नव्हे."

आक्काला हे पटलं. खोकल्याचं औषध खोकल्याला, तापाचं तापाला, तसं हे उंदरांचं. औषधाला काय भ्यायचं?

तरी बाई काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. घरी आल्यावर तिनं दोन्ही कुत्र्यांना बांधून ठेवलं. गोळ्या काठीनं बिळात खोल ढकलल्या आणि कुत्र्याचं नाक शिरणार नाही अशा बेतानं तोंडाशी दगड लावले, उंदराला जायला फट ठेवून. हात राखेनं खसखसून धुतले. मगच कुत्र्यांना मोकळं सोडलं. वेणूबाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीसुद्धा, "सगळं नीट बघून केलंय म्हटलं मी. चुकायला मी काय खुळी आहे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का अंगणात तांदूळ निवडत होती. तेवढ्यात बागेतून ढवळी आली. तोंडात काहीतरी लोंबत होतं. ती थेट आक्कासमोर आली आणि ते तिच्या पायाशी ठेवून शेपटी हलवायला लागली.

उंदीर! चांगला गलेलठ्ठ, अजून धुगधुगी असलेला.

आक्का दचकून उभीच राहिली. सूप कलंडलं, तांदूळ सांडले. मग तिच्या लक्षात आलं आणि आनंदानं तिला काय करू नि काय नको झालं. "अगं माझे वाघिणी! धरलास की गं! शाब्बास! शाब्बास माझी बाय!" तिनं ढवळीच्या गळ्यात हात टाकले. मग कुंपणाकडं तोंड करून हाळी दिली, "अगं ए वेणू! ये, बघ ये, माझी कुत्री काय ओवाळायला आहेत का ते!"

वेणूबाईनं येऊन बघितलं आणि तोंडात बोट घातलं.

ढवळीनं तो उंदीर तिथंच मटकावला आणि उड्या मारत बागेत गेली. थोड्या वेळानं दुसरा घेऊन आली. शाब्बास! मग आणखी एक. शाब्बास! आज उंदीर पळतच नव्हते मुळी. बिळातून डुलत-डुलत बाहेर यायचे आणि तिथंच फतकल मारायचे. आक्काला वाटलं, ढवळीच्या धाकानं मेल्यांचे पाय लटपटताहेत. भुंग्या तेवढा जागचा हलला नाही. "बघ, आईकडून शीक काहीतरी," म्हणून आक्कानं त्याला दोन शिव्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी आक्कानं हाक मारली तर ढवळी उठली नाही. डोळे उघडे, तोंडाला फेस, पाय ताठलेले. आक्का चप्पलही न घालता वैद्यबुवांकडं पळत सुटली आणि त्यांना हाताला धरूनच घेऊन आली. वैद्यबुवा माणसांना आणि जनावरांना सारखंच बघायचे. त्यांनी ढवळीचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या.

"काय खाल्लंय हिनं?"

"भाकरी, वैद्यबुवा. दुसरं काय खाणार?"

"नीट आठव."

"हां, काल उंदीर खाल्ले. चांगले तीन-चार!" एवढ्या काळजीतही आक्काच्या आवाजात कौतुक होतं.

"या वयात हिनं उंदीर धरले? पळाले नाहीत ते?"

"नाही. डुलत होते नुसते."

वैद्यबुवांचा हात थांबला. "आक्का, बिळात काय घातलंस?"

"कुठं काय? औषध."

"कसलं औषध?"

"उंदरांचं औषध."

"त्यानं उंदीर बरे होतात?"

आक्कानं मागं वळून बागेकडं पाहिलं.

"विष म्हण त्याला," वैद्यबुवा म्हणाले. "तू उंदरांना विष घातलंस आणि ते उंदीर हिच्या पोटात गेले. दुसरं काही झालेलं नाही."

"पण मी बांधलं होतं त्यांना! दगड लावले होते, हात धुतले होते..." आक्का ओरडली आणि मध्येच थांबली. तिच्या डोळ्यांसमोर कालची दुपार आली. पायाशी ठेवलेला उंदीर आणि हलणारी शेपटी. "वैद्यबुवा, मी तिला शाब्बास म्हटलं हो! एकेका उंदराला शाब्बास म्हटलं!" असं म्हणून तिनं दोन्ही हातांनी तोंडात मारून घेतलं.

तिचा आवाज ऐकून ढवळीची शेपटी जमिनीवर जराशी हलली. "शाब्बास" एवढाच शब्द तिला कळला होता. ते बघून वैद्यबुवांनीही मान फिरवली.

त्यांनी होते नव्हते ते उपाय केले. आक्का दिवसभर ढवळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "काही करू नकोस बाई, एक उंदीर धरू नकोस, फुकट खा, नुसती पडून राहा, पण ऊठ," असं पुन्हा पुन्हा सांगत राहिली. ऊन उतरायच्या सुमाराला ढवळी गेली.

वैद्यबुवा हात धुवायला मागच्या दारी आले आणि तिथंच थबकले. त्यांनी आक्काला खूण करून बोलावलं. आक्कानं सकाळी भरून ठेवलेली कुत्र्यांची थाळी अजून भाकरीनं शिगोशीग होती, आज ढवळी तिला कुठली शिवणार? आणि त्या थाळीत एक उंदीर चक्क मांड ठोकून भाकरी खात होता! भुंग्या वीतभर अंतरावर लोळत होता. त्यानं उंदराकडं नुसतं पाहिलं आणि डोळे मिटले. रोजचंच होतं ते त्याला.

"ही थाळी रोज अशीच भरलेली असते?" वैद्यबुवांनी विचारलं.

"रोज. आणि सकाळी लख्ख..." आक्का म्हणाली.

"म्हणजे उंदीर तुझ्या बागेत आपणहून आले नाहीत. तू त्यांना जेवायला बोलावलंस. जेवण झाल्यावर ते रताळ्यांकडं वळले."

आक्का थाळीकडं बघतच राहिली. इतके दिवस ती कुणाच्या जेवणाचं कौतुक करत होती! एक उष्टी थाळी उचलायची होती फक्त. बिळं बुजवायची, पिंजरा लावायचा. त्याऐवजी तिनं काय केलं होतं! तिला स्वतःचीच शिसारी आली.

सकाळी तिनं भुंग्याला घरात कोंडलं, दगड बाजूला सारले आणि एकेक बीळ खणून उरलेल्या गोळ्या काठीनं मडक्यात लोटल्या. मेलेले उंदीरही शोधून काढले. ते काम चाललं असतानाच वेणूबाई आली. तिचे डोळे रडून सुजले होते. काही झालं तरी ढवळी तिच्याही दारातली होती.

"फार वाईट झालं गं आक्का," ती म्हणाली. मग थोडं घुटमळून तिनं पदराखालून एक वाटी काढली. "रागावू नकोस. तुझ्याकडचे उंदीर आता आमच्याकडं शिरलेत. ते औषध उरलं असेल तर थोडं दे ना. आमच्याकडं कुत्रं नाही, म्हणजे तशी भीतीही नाही."

आक्कानं आधी वाटीकडं पाहिलं. मग तिची नजर कुंपणापलीकडं गेली. वेणूबाईच्या अंगणात तिचा नातू रांगत होता. रांगता-रांगता थांबला. मातीतून त्यानं काहीतरी उचललं, निरखलं आणि तोंडात घातलं.

"औषध माझ्याकडं नाही वेणू," आक्का म्हणाली. "विष आहे. किती घालू वाटीत?"

वेणूबाईनं तिच्या नजरेच्या रोखानं मागं वळून पाहिलं. तिच्या तोंडून किंकाळी फुटली, वाटी हातातून पडली आणि ती धावत सुटली. पोराला उचलून तिनं त्याच्या तोंडात बोट घातलं. निघाला नुसता मक्याचा दाणा. पण ती पोराला छातीशी धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. वाटीचं तिनं पुन्हा नावही काढलं नाही.

दुपारी दोघींनी मिळून ओढ्यापलीकडं, जिथं गुरंढोरं जात नाहीत तिथं, खोल खड्डा खणून ते मडकं पुरलं. त्यानंतर भुंग्याचं जेवण झालं की आक्का लगेच थाळी उचलून घासून ठेवायची. दोन्ही घरांनी पिंजरे आणले. हळूहळू उंदीर कमी झाले. ढवळी काही परत आली नाही.

यातून काय घ्यायचं, तर एवढंच: विषाला औषध म्हटलं म्हणून त्याचा गुण बदलत नाही, आणि ज्याच्यासाठी टाकलं त्याच्याच पोटात जाऊन ते थांबतही नाही.