एका वाटीचा टाळ

त्या राज्यात प्रत्येकाच्या हाती टाळ होता, आणि टाळ म्हणजे एका दोरीत ओवलेल्या दोन वाट्या, अशी तिथली समजूत होती. रहिवासी देवाभोवती रिंगण धरून बसत. देवावरच्या छताच्या दोऱ्या त्यांच्या कमरेला बांधलेल्या असत. एक जण जरी उठला तरी छत तेवढे खाली येई, आणि छताखाली नंदादीप तेवत होता. ज्याच्या हाती एकच वाटी उरे, त्याने रिंगण सोडावे, असा नियम होता.

गाभाऱ्याच्या दाराशी लोहबाचे आसन होते. बाहेरचा वारा धरून आत सोडणे ही त्याची सेवा. आसनावर होता तोवर त्याच्याविषयी कुणाची तक्रार नव्हती. पुढे त्याला बसून राहण्याचा कंटाळा आला आणि तो रिंगणातून फिरू लागला.

त्याच सुमारास एक वाटी हरवलेला कोणी एकांडा वाटसरू तिथे आला. लोहबाला त्याची दया आली. रिंगणात फिरताना ज्याने लोहबाला टेकायला जागा दिली होती, त्याच यजमानाच्या टाळाची एक वाटी सोडवून त्याने ती वाटसरूच्या हाती ठेवली. वाटसरू समाधानाने निघून गेला. यजमानाने मात्र आपली जागा जाईल या भयाने शेजाऱ्याची वाटी ओढली, शेजाऱ्याने पुढच्याची. प्रत्येक ओढाताणीसरशी छत हिसके खाऊ लागले. लोकांनी जाब विचारला, तेव्हा लोहबा शांतपणे म्हणाला, “माझे हात बघा. आहे का त्यांत काही?”

हात खरोखरच रिकामे होते.

ओढाताण गंधाबाईपर्यंत येऊन पोचली. नंदादीपाच्या नेमक्या वर ताणलेली दोरी या म्हातारीच्या कमरेला होती. शेजारच्या रेवजीने हात पुढे करताच तिने स्वतःच गाठ सोडली आणि एक वाटी त्याला दिली. पलीकडच्या शेजारणीच्या वाटीकडे तिने पाहिलेही नाही. रेवजी ओशाळला, बाकीचे हसले.

“बाई, आता उरलेल्या वाटीत पाणी प्या,” कोणी म्हणाले.

“गळेल रे. मधे भोक आहे,” ती म्हणाली.

नियमाप्रमाणे तिला उठायला सांगण्यात आले. आरतीपर्यंत बसू द्यावे, एवढेच तिने मागितले. सगळ्यांची नजर दिव्यावर गेली आणि कुणी नाही म्हटले नाही.

आरतीच्या थोडे आधी लोहबा एकच वाटी उरलेल्या आणखी एका एकांड्याला हाताला धरून घेऊन आला. “गंधाबाई, तुम्हाला उठायचेच आहे. उरलेली याला द्या, याचे तरी भागेल.”

परक्याने वाटीला हात घातला. गंधाबाईने वाटी सोडली नाही. दोरीचे मोकळे टोक तेवढे त्याच्यापुढे धरले.

“ओढू नकोस बाळा. तुझ्या वाटीत ओव.”

त्याने ओवले. लोहबा काही वेळ रिकाम्या हातांनी उभा राहिला. मग जाऊन आपल्या आसनावर बसला. आत वारा आला.

आरती सुरू झाली तेव्हा टाळाची एक वाटी म्हातारीच्या हातात होती, दुसरी परक्याच्या. आणि मधली दोरी इतकी आखूड होती, की वाजवायचे तर दोघांना खांद्याला खांदा लावूनच बसावे लागले.