सोणकच्या चाकूचे मोल

फार पूर्वी भद्रवती नगरीत राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने पारख्याच्या कुळात जन्म घेतला आणि वयात आल्यावर तो राजाचा पारखी झाला. हत्तीपासून सुईपर्यंत कशाचेही मोल तो करी, आणि त्याचा शब्द कोणी खाली पडू देत नसे.

त्या नगरीची एक रीत होती. व्यापारी तांड्याबरोबर गेलेला माणूस वर्षानुवर्षे परतला नाही, तर त्याच्या रोजच्या वापरातली एखादी वस्तू पत्नीने पारख्याच्या हाती द्यायची. पारख्याने मोल उच्चारले की तो माणूस मेला असे धरले जाई.

सुवेणीचा नवरा सोणक असाच गेला होता. घाईत तो आपला स्वस्तातला, पाते मुठीत मिटणारा चाकू चुलीपाशी विसरला. सुवेणीला धावत जाऊन तो देता आला असता. पण चाकूच्या ओढीने तरी तो लवकर परतेल, असे तिला वाटले.

धाकटा दीर गोदत्त मळ्याच्या वाटणीसाठी उतावीळ झाला होता. "वहिनी, वाट पाहून कोणी येत नसतं," असे म्हणत त्याने एके दिवशी तिला पारख्याकडे आणलेच. पारख्याला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "झटकन मोल सांगून टाका. बैलजोडी तुमच्या दारात बांधतो."

सुवेणीने हात पुढे केला, पण मूठ उघडेना. गोदत्त तिची बोटे सोडवू लागला, तसा बोधिसत्त्व म्हणाला, "राहू दे. हिसकावलेल्या वस्तूचं मोल मी करत नाही. बाई, तू उद्या ये."

ती दुसऱ्या दिवशी आली, पुढेही येत राहिली. ओट्यावर बसे, चाकू ओच्यात ठेवी आणि दिवेलागणीआधी घरी जाई. बोधिसत्त्व तिला काहीच विचारीत नसे. हे भिजत घोंगडे पाहून गोदत्त चिडला. बैलजोडी त्याने विकून टाकली आणि पारख्याला साध्या चाकूचे मोल येत नाही, असे गावभर सांगत सुटला. लोक हसले. बोधिसत्त्वाने ते ऐकून घेतले.

आंब्यांना मोहोर आला तेव्हा एका दुपारी सुवेणीने आपणहून चाकू त्याच्या तळहातावर ठेवला.

"बाबा, जेवण झालं की ते हा चाकू खटकन मिटायचे, मग मी ताटं उचलायची," ती म्हणाली. "अजून मी उष्ट्या ताटापुढे त्या आवाजाची वाट पाहत बसते. फार आठवण येते हो. आता सांगा मोल."

बोधिसत्त्वाने पाते उघडून अंगठ्याने धार पाहिली. "लोखंड हलकं आहे. खिळा सैल. मूठ म्हशीच्या शिंगाची. मोल पसाभर तांदूळ."

"बरोबर," सुवेणी म्हणाली. "जत्रेत तेवढ्यालाच घेतला होता. तरी म्हणत होते, फसलो."

ती हसली. मोल होईतो रडणे त्या नगरीत अशुभ मानत, म्हणून इतकी वर्षे ती कोरडी राहिली होती. आता हसता हसताच तिला रडू फुटले. बोधिसत्त्वाने गिऱ्हाइकांना परत पाठवले आणि तिचे रडणे सरेपर्यंत तो जवळ बसून राहिला.

ही मागल्या जन्मीची कथा सांगून शास्ते, म्हणजे भिक्खूंचे गुरू, समोरच्या एका भिक्खूकडे वळले. नवरा गमावलेल्या एका बाईला त्याने त्याच सकाळी 'विसर आता' म्हणून वाटेला लावले होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा गोदत्त म्हणजे तू. सुवेणी म्हणजे सकाळची तीच बाई, आणि पारखी मी होतो. खरे तेव्हाही सांगावे लागलेच. पण तिला ते पेलवेपर्यंत मी थांबलो. या थांबण्याला क्षांती म्हणतात. जा, ती अजून नदीपार गेली नसेल."