राहीची हाक

एक होता राजा. नाव नाही सांगणार मी त्याचं, नावावाचून माझं काही अडत नाही. पाय आत घ्या रे, पांघरूण ओढा. हं.

तर त्या राजाचं होतं एक तळं. गावाचं नव्हे, त्याच्या एकट्याचं. भोवती केवड्याचं दाट कुंपण आणि आत जायला एकच वाट. गावानं त्यात घागर बुडवायची नाही की म्हैस पाजायची नाही. पाखरं मात्र कुठून कुठून यायची. चक्रवाक यायचे, शीळ घालणाऱ्या अडया बदकं यायची, आणि ती हळदीकुंकू बदकं, बरं का, ज्यांच्या चोचीला टोकाशी हळद आणि कपाळाशी कुंकू असतं.

मग काय झालं, पाखरं कमी व्हायला लागली. कोल्हा न्यायचा, ससाणा न्यायचा, मगर न्यायची. राजानं दवंडी पिटली, "माझी पाखरं जो राखील त्याला तळ्याकाठी झोपडी देईन. एकाही पंखाला धक्का लागता कामा नये."

दवंडी ऐकून राही आली. भोयाची पोर ती, मागंपुढं कोणी नाही. तिला वाटलं, केवढा जीव आहे राजाचा पाखरांवर! इथंच चुकलं तिचं. पण मधे बोलू नका, सांगते.

पहिल्यांदा आला कोल्हा. राही म्हणाली, "कोल्होबा, माझी पाखरं नका खाऊ." कोल्हा म्हणाला, "मग माझ्या पोरांनी काय खावं?" राहीच्या चार कोंबड्या होत्या, तेवढंच धन. दिल्या तिनं. कोल्हा म्हणाला, "आता शेतातल्या घुशी धरीन. पण इकडे पाऊल टाकणार नाही."

मग आला ससाणा. त्याला म्हणाली, "दादा, माझी पाखरं नका नेऊ." ससाणा म्हणाला, "माझं घरटं उंच कड्यावर. पिल्लं काकडतात. ऊब दे, मी टोळांवर भागवीन." राहीनं आपले लांबसडक केस विळीवर कापले आणि दिले. उघड्या डोक्याला काळं फडकं बांधलं.

मग आली मगर. ती कसली ऐकते! म्हणाली, "एकदा माणसाचं मांस चाखू दे, मग जाते नदीला." राही पाण्यात पाय सोडून बसली आणि मगरीला दोन्ही पायांचे अंगठे देऊन टाकले. दुखलं का म्हणून काय विचारतोस? दुखणार नाही तर काय! त्या दिवसापासून ती नीट चालू शकली नाही. चार पावलं तुरुतुरु पळायची आणि थांबायची. पण मगर गेली हो, बोलल्याप्रमाणे गेली.

मग पाखरं वाढली. तळं नुसतं गजबजून गेलं. राहीनं त्यांना हाकेची सवय लावली. कुत्रं दिसलं, मांजर दिसलं की ती बांधावर उभी राहायची आणि ओरडायची, "या गं बायांनो, या!" की सगळी पाखरं पाणी कापत तिच्या पायाशी गोळा व्हायची. राहीपाशी गेलं की भीती नाही, एवढं त्यांना ठाऊक. सगळ्यांत पुढं असायची एक म्हातारी हळदीकुंकू. तिला राही म्हणायची सवाशीण. सवाशिणीला ती आपल्या ताटातला भात द्यायची.

मग एके दिवशी सकाळी राजा आला. बरोबर नऊ पाहुणे. त्यांना बघून पाखरं गेली तळ्याच्या मध्यावर. राजा म्हणाला, "राही, पाखरं लांब आहेत. जवळ बोलाव, पाहुण्यांना बघू दे."

धनुष्यं दिसली नाहीत का तिला? दिसली. राजाच्या खांद्यावर धनुष्य असायचंच, तिला त्यात काही वाटलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, तिला मिरवायचंही होतं. एवढं केलं पोरीनं, कोणी तरी बघावं असं वाटणारच की! तिनं तोंडाशी हात धरले आणि हाक मारली, "या गं बायांनो, या!"

आली. सगळी आली. सवाशीण सगळ्यांत पुढं आली आणि सगळ्यांत पहिली गेली. बाणांवर बाण. ज्यांना बाण लागले नव्हते तीसुद्धा पळाली नाहीत, राहीच्या पायाशी आणखी दाटून बसली. तिथंच मेली.

राही किंचाळली, "महाराज, पंखाला धक्का लागता कामा नये म्हणाला होतात!"

राजा हसला. म्हणाला, "दुसऱ्या कोणाचा लागता कामा नये. अगं, राखण करावी तर अशी!" आणि तिला नवं लुगडं दिलं. राहीनं ते तिथंच चिखलात टाकलं.

मग ती रडत रडत गेली कोल्ह्याकडे. कोल्ह्यानं विचारलं, "किती खाल्ली त्यानं?"

"खाल्ली नाहीत. निम्मी तशीच पडलीयत."

"फार भूक लागली होती का?"

"जेवून आला होता."

कोल्ह्याला काही कळेना. तो उठला. मग आपली पोरं घेऊन ते रानच सोडून गेला.

राही तिथंच होती, दुसरं घर कुठलं तिला! पुढच्या थंडीत नवी पाखरं उतरली, तीही तिला सरावली. पुन्हा राजा आला, पुन्हा म्हणाला, "राही, हाक मार." राहीनं तोंड उघडलं, पण ती हाक नाही मारली. ती बांधावरून धावत सुटली. चार पावलं पळे, थांबे, पुन्हा पळे आणि घसा फोडून ओरडे, "पळा! उडा! माझ्याजवळ येऊ नका!"

राजानं तिच्यावरच बाण रोखला. बाण सुटला, आणि काय सांगू, वर केलेल्या तिच्या हातांचे पंख झाले. बाण खालून गेला. डोक्यावरचं काळं फडकं तसंच राहिलं. रडून लाल झालेल्या डोळ्यांच्या कडा तशाच राहिल्या. राहीची टिटवी झाली रे बाळांनो. ओरडत ओरडत ती तळ्यावरून फिरली आणि सगळी पाखरं एकदम उडून गेली.

मग राजाला शिक्षा? नाही झाली. राजानं दुसरं तळं घेतलं आणि तो सुखात राहिला. उरलेली पाखरं उरली तशी सुखात राहिली. राहीचं काय विचारता! टिटवी कधी फांदीवर बसलेली पाहिलीत? फांदी धरायला अंगठे नकोत? भुईवरच असते बिचारी. आणि ज्यांना पायाशी घेऊन राखलं, त्यांनाच जन्मभर ओरडून लांब घालवते. जवळ बोलावायची तिला आता धास्ती वाटते.

लोक म्हणतात टिटवी ओरडली की अशुभ. म्हणोत. उद्या ओढ्यावर ती तुमच्यावर ओरडली, तर दगड उचलू नका. गुमान मागं फिरा. एक तरी माणूस आपलं ऐकतो, एवढं कळू दे तिला.

डोळे पूस चिंगे, आणि मिटा आता सगळ्यांनी.