द्वारकेचं पान

“...मग तिचंच आतडं एवढं धडधाकट का, माई?”

मठ सांभाळणाऱ्या माई पत्रावळी पुसत होत्या. कुमुद शेजारी बसली होती.

मठाचा स्वयंपाक वीस वर्षं कुमुदच्या हातात होता. मग तिच्या आतड्याला व्रण झाले, रक्त पडू लागलं. शेवटी डॉक्टरांनी मोठं आतडं काढून टाकलं आणि पोटाला पिशवी लावली. त्याला तीन महिने झाले होते. आता तिच्या पानात मऊ भात आणि ताक. तेही घास न् घास बारीक चावून.

चुलीपुढं द्वारका बसू लागली होती.

“चार भाकरी खाते, माई. वर ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सगळ्यांचं उरकलं तरी बाईंचं तोंड चालूच! मला दाखवून दाखवून खाते मेली.”

“रोज?”

“रोज. मी थांबेपर्यंत थांबत नाही.”

“हं...”

शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय पंगत उठायची नाही, अशी मठाची रीत होती.

“आज तू माझ्या जागेवर बस,” माई म्हणाल्या.

माईंची जागा पंगतीच्या समोर होती. कुमुद रोज द्वारकेच्याच रांगेत, टोकाला बसे. तिथून तिला द्वारकेचं हलणारं तोंड तेवढं दिसे.

आज पान दिसलं.

भाकरी केव्हाच संपली होती. ठेचाही. उरला होता लिंबाएवढा भात. द्वारका त्यातली दोन शितं उचलायची, सावकाश चावायची. नजर कुमुदच्या पानावर.

बाकीच्या बायका हात आवरून बसल्या होत्या. एकीनं द्वारकेकडं वैतागून बघत जांभई दिली.

कुमुदनं घास उचलला. द्वारकेनं दोन शितं उचलली.

कुमुदनं हात खाली ठेवला.

द्वारकेनंही ठेवला...

कुमुदचे कान तापले. चार भाकरींचा हेवा तिला झेपत होता. हा, तिच्या मनाचा, झेपेना.

“माई,” ती पुटपुटली, “मी धडधाकट होते तेव्हा... मला हे सुचलं नसतं हो.”

माईंनी तिच्या पानाकडं बोट केलं.

“भात गार होतोय, कुमुद. तिचाही.”