धाकूची गोल कबर

फार वर्षांपूर्वी, कोळशावर चालणाऱ्या बोटी समुद्रात नव्या होत्या तेव्हा, आमच्या कातळपाडीत धाकू नावाचा माणूस होता. तो विहिरी खणायचा. कातळावर लाकडं पेटवायचा, कातळ तापला की पाणी ओतायचा, तडकला की पहारीनं उचकटायचा. त्यानं हात घातला आणि पाणी लागलं नाही असं कधी झालं नाही, असं म्हणतात. पाणी लागेपर्यंत तो थांबायचा नाही. हे लक्षात ठेवा.

एका वर्षी काम मिळालं नाही. धाकू मुंबईला जाऊन बोटीवर लागला, भट्टीत कोळसा टाकायला. त्याच्याबरोबर शेजारचा विश्राम गेला. विश्रामची आई येसूकाकी बंदरापर्यंत आली.

"धाकू, माझा एकच आहे. त्याला कुठं टाकून येऊ नकोस."

"नाही येणार," धाकू म्हणाला. एवढंच.

बोटीवर विश्राम त्याची चेष्टा करायचा. "विहीरवाल्या, एवढं पाणी आयतं मिळालं. आता खणणार काय?"

"तुझं डोकं," धाकू म्हणायचा. "तेवढंच कोरडं राहिलंय."

बोट उत्तरेला गेली. आइसलंड नावाचा देश आहे. तिथल्या किनाऱ्यावर, भर हिवाळ्यात, ती खडकावर आपटली. तिथल्या कोळ्यांनी माणसं ओढून काढली. धाकू वाचला. विश्राम थंडीनं गेला.

आपल्याकडं माणूस जाळतात. त्या गावात झाड नाही. दलदलीतल्या जळाऊ चिखलाच्या विटा वाळवून चुलीत घालतात. त्यावर भाकर भाजेल, चिता होणार नाही. मग पुरायचं ठरलं. पण जमीन लोखंडासारखी गोठलेली. त्या गावचा रिवाज असा होता की हिवाळ्यात गेलेलं माणूस होड्यांच्या खोपीत ठेवायचं आणि बर्फ वितळलं की पुरायचं. विश्रामला खोपीत ठेवलं. शेजारी त्या गावातलाच एक म्हातारा ठेवलेला होता. त्याची बायको गुद्रून रोज येऊन खोपीच्या दाराशी उभी राहायची.

वाचलेल्यांना न्यायला दुसरी बोट येणार होती, बर्फ वितळण्याच्या आधीच. म्हणजे धाकू घरी गेला तर विश्राम तसाच खोपीत राहणार.

धाकूनं पहार घेतली. गवताच्या छपराचं चर्च होतं, त्याच्या अंगणात गावची जुनी दफनभूमी. शेवाळ चढलेले दगड, वाहून आलेल्या फळ्यांचे क्रूस. त्यानं एका कोपऱ्यात जागा धरली. गुद्रूननं आपल्या चुलीच्या विटा आणून ओतल्या. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण ती बोलली ते त्याला कळलं, असं म्हणतात.

"माझ्या म्हाताऱ्यालाही आत घे."

धाकूनं आग पेटवली आणि खणायला घेतलं. कबर त्यानं जन्मात खणली नव्हती. त्याला खणता यायचं ते एकच. त्यानं गोल खणलं.

गाव बघायला जमलं. "हा माणसाला उभा पुरणार की काय?" कुणी म्हणालं, आणि सगळे हसले. धाकू खाली खाली जात राहिला. कुठं थांबायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. पाणी लागलं तेव्हा थांबला.

पाणी कोमट होतं. वाफा वर आल्या. धाकू काठावर डोक्याला हात लावून बसला. पाणी लागल्याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

तेव्हा गुद्रून पुढं झाली. तिनं बादली भरली आणि शेजारच्या जमिनीवर ओतली. माती सुटली. मग ती बर्फावर आडवी पडली, पाय लांब केले, आणि हातानं दाखवलं, एवढी. अशी.

धाकूनं विश्रामला पुरलं. म्हाताऱ्याची कबर कमरेएवढी झाली होती तेव्हा बोटीचा भोंगा वाजला. गुद्रूननं समुद्राकडं हात केला. जा.

धाकूनं एकदा बोटीकडं बघितलं, एकदा खोपीकडं. विश्रामच्या कबरीकडंही बघितलं असणार. त्याला टाकून यायचं नाही, हा शब्द होता. तो पुन्हा खणू लागला. बोट गेली.

तो कधी आला नाही. त्यानंतर त्या गावानं माणूस खोपीत ठेवला नाही. कितीही बर्फ पडो, त्या विहिरीचं पाणी गोठलं नाही, असं म्हणतात. धाकू गेला तोही हिवाळ्यात. गावानं त्याच पाण्यानं जमीन मऊ केली आणि त्याची कबर गोल खणली. विहिरीच्या काठावर बसायचा तसा त्याला बसवला.

बातमी एका खलाशानं आणली. येसूकाकीनं ऐकून घेतली. रडली नाही. अंगणातली मूठभर तांबडी माती खणली, फडक्यात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"दोघांना घाल," म्हणाली. "आधी धाकूला."

अजून तसंच आहे. त्या बाजूला जाणारा आमचा खलाशी माती घेतल्याशिवाय निघत नाही. तिथले लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं लावतात, त्यांना पाणी घालायला झारी त्या विहिरीशीच टांगलेली असते. पहिली झारी धाकूला, मग आपापल्या माणसांना. आमचा माणूस तिथं पोचला की काही विचारत नाहीत. फडकं बघतात आणि बाजूला होतात.

सगळी दफनभूमी काळ्या मातीची. तेवढ्या दोन जागा तांबड्या. ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन बघावं. जाताना माती घेऊन जावी.